दिसलं कधी, कळलं कधी: गावच्या गाई-म्हशींमधल्या साथीवर लक्ष कसं ठेवायचं

परळच्या आमच्या खोलीत जाड पुठ्ठ्याची एक लांब वही आहे. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावची सगळी गुरं तिच्यात आहेत, वाडीवार आणि घरवार. मी नोकरीनिमित्त मुंबईत असतो. महिन्यातून एकदा कल्याणपर्यंत लोकल आणि पुढे एसटी असं करून गावी जातो. ग्रामस्थ मंडळाची ही वही मात्र दर रविवारी संध्याकाळी उघडतो आणि गावच्या तिन्ही वाड्यांना फोन लावतो.

वही सुरू झाली २०२२ साली. त्या सप्टेंबरात लम्पी या गुरांच्या कातडीवर गाठी आणणाऱ्या रोगामुळे सबंध महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला होता आणि गुरांचे बाजार बंद होते. मंडळाच्या ग्रुपवर आम्ही रोज चौकशी करायचो. वरच्या वाडीतून आणि पलीकडच्या पाड्यावरून निरोप यायचे, खालच्या वाडीतून काहीच नाही. काही नाही म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही धरून चाललो. नऊ दिवसांनी कळलं, की तिथे एका बैलाच्या अंगावर गाठी उठल्या होत्या आणि शेजारच्या दोन गोठ्यांतही तेच झालं होतं. दूध कोणी घेणार नाही, लोक नावं ठेवतील, या भीतीने मालक गप्प राहिला. त्या नऊ दिवसांत ती गुरं सगळ्यांच्याच पाणवठ्यावर जात होती. पुढे एक बैल आणि एक वासरू गेलं.

तेव्हापासून माझ्या लेखी साथीवर लक्ष ठेवणं म्हणजे दोन तारखांमधलं अंतर कमी करणं. आजार गोठ्यात दिसला ती पहिली तारीख, डॉक्टरांना कळला ती दुसरी. आमच्याकडे हे अंतर नऊ दिवसांचं होतं. ते एका दिवसावर आणायला काय काय करावं लागतं, ते इथे लिहितो. तुमचंही गाव असेल, तुम्हीही दादर-परळला किंवा बोरिवलीला राहत असाल, तर याची सुरुवात तुम्ही तिथूनच करू शकता. फक्त बघणारे डोळे गावातले हवेत.

आधी गुरं मोजा

साथ आल्यावर मोजायला बसलं तर उशीर झालेला असतो. शांत दिवसांत एका सुट्टीत गावी जा आणि दोन पोरांना सोबत घेऊन घरोघर फिरा. प्रत्येक घरापुढे लिहा: गाई किती, म्हशी किती, बैल, रेडे, कालवडी, वासरं, पारडी. कोण गाभण, कोण दुभती, कोण भाकड. कानात बिल्ला असेल तर त्यावरचा बारा आकडी नंबर उतरवून घ्या. भारत पशुधन या सरकारी नोंदणीत जनावराची ओळख हीच आहे. लसीकरण, उपचार, नुकसानभरपाई सगळं याच नंबरावर चालतं. बिल्ला पडला असेल तर तशी खूण करा आणि दवाखान्यात सांगून नवा मारून घ्या.

एकूण आकडा का लागतो ते उदाहरणाने सांगतो. समजा, वरच्या वाडीत चार गुरं आजारी आहेत आणि खालच्या वाडीत तीन. ऐकताना वरची वाडी जास्त धोक्यात वाटते. पण वरच्या वाडीत १२० गुरं असतील आणि खालच्या वाडीत ४०, तर वर शंभरात सव्वातीन आजारी आहेत आणि खाली साडेसात. डॉक्टर एकच असतो, दिवसही एकच. आधी कुठे जायचं हे एकूण आकड्याशिवाय ठरत नाही.

त्याच फेरीत गावाचा एक कच्चा नकाशा काढा. वाड्या, गोठे, विहिरी, पाणवठा, नदीचा उतार, गायरान, गुराखी गुरं नेतो त्या वाटा, दूध संकलनाची जागा आणि मेलेलं जनावर टाकायची जागा, एवढं त्यात आलं की पुरे. हाताने काढलेला चालतो. आमचा नकाशा एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आहे. त्यात पहिल्याच दिवशी दिसलं, की खालच्या वाडीची आणि पाड्यावरची गुरं एरवी कुठेच भेटत नाहीत, फक्त एका डोहावर भेटतात. साथीच्या दिवसांत एका बाजूच्या गुरांना तो डोह बंद करायचा, एवढं तेव्हाच ठरून गेलं.

बघणारी माणसं

प्रत्येक वाडीला एक माणूस नेमा. सरपंच किंवा पुढारीच हवा असं नाही. जो रोज पंधरा-वीस घरांची गुरं डोळ्यांखालून घालतो, तो हवा. आमच्याकडे एका वाडीत गुराखी आहे, दुसरीकडे दूध गोळा करणारा मुलगा आणि पाड्यावर एक वहिनी. गावात उमेदच्या, म्हणजे सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटाची पशुसखी (गुरांची प्राथमिक काळजी घ्यायला शिकलेली बाई) असेल तर तिच्यासारखं दुसरं माणूस नाही. धार काढतं बहुतेक घरांत बाईमाणूस, त्यामुळे दूध तुटलेलं पहिल्यांदा तिलाच कळतं. फोन मात्र घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो. म्हणून नंबर लिहिताना वहिनींचा, काकूंचाही लिहून घ्या आणि रविवारी फोन त्यांनाच करा.

संकलनाच्या मुलाचं महत्त्व मला उशिरा कळलं. रोज सहा लिटर घालणारं घर आज चार लिटरवर आलं, हे तापाच्याही आधी त्याच्या मापात दिसतं. त्याला एवढंच सांगितलं आहे: दोन दिवस लागोपाठ एखाद्या घरचं दूध एकदम तुटलं तर त्या वाडीच्या माणसाला निरोप दे.

निरोगी जनावर ओळखीचं करून घ्या

माझी थोरली काकू पहाटे गोठ्यात शिरली की आधी गव्हाणीत बघते. रात्रीचा पेंढा संपलाय की तसाच पडलाय? मग म्हशीच्या नाकपुडीकडे बघते. निरोगी जनावराची नाकपुडी ओलसर असते, दवबिंदू बसल्यासारखी. मग उलट्या तळव्याने कानाचं मूळ चाचपते. रवंथ चालू आहे का, शेण पातळ की कडक, उठताना पाय आखडते का, हे सगळं धारेला बसायच्या आधी तिचं बघून झालेलं असतं. यातली एखादी गोष्ट चुकली की ती म्हणते, "आज हिचं काहीतरी बिनसलंय." आमच्या वहीतल्या निम्म्या नोंदींची सुरुवात तिच्या या वाक्यापासून होते.

त्याला थर्मामीटरची जोड द्या. वाडीला एक साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो, फक्त तो गुरांसाठी वेगळा ठेवायचा. त्याला वीतभर दोरी बांधा आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला कपड्यांचा चिमटा. चिमटा शेपटीच्या केसांना लावला की थर्मामीटर आत जात नाही आणि खाली पडून फुटत नाही. टोकाला तेल लावा, शेपूट बाजूला धरा, गुदद्वारात हलकेच घाला आणि टोक आतल्या भिंतीला टेकेल असं जरा तिरकं धरा. नुसतं शेणात रुतलं तर आकडा चुकतो. बीप वाजेपर्यंत थांबा, मग साबणाने धुऊन ठेवा.

गाई-म्हशींचं तापमान साधारण १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतं. १०३ च्या वर गेलं तर वहीत ताप म्हणून लिहा. म्हैस उन्हातून आली असेल तर आधी तिला सावलीत शांत उभी राहू द्या. काळ्या कातडीमुळे आणि कमी घामामुळे ती लवकर तापते आणि नसलेला ताप दाखवते. शक्य असेल तर रोज एकाच वेळी, सकाळी मोजा.

नोंद लक्षणांची करा, नाव डॉक्टर देतील

गावात रोगाचं नाव फार पटकन ठेवलं जातं. गाठ दिसली की लम्पी, लाळ दिसली की खुरकूत. नाव एकदा चुकलं की पुढचं सगळं चुकतं. वहीत दिसलं तेच लिहायचं. तरीही कुठल्या लक्षणाला किती घाई करायची, हे कळायला थोडी ओळख हवी.

तोंडातून दोरीसारखी लाळ, मचमच आवाज, जिभेवर किंवा सडांवर फोड, खुरांच्या बेचक्यात जखम आणि लंगडणं हे लाळ्या-खुरकूतकडे बोट दाखवतं. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागतात आणि एकदा सुरू झालं की ते गावभर धावतं. मोठी जनावरं सहसा वाचतात, पण दूध आणि कामाची ताकद जाते. पिणारी वासरं मात्र हृदयावर परिणाम होऊन अचानक मरतात. त्यामुळे एखाद्या गोठ्यात आधी वासरू गेलं आणि मग गाई लंगडायला लागल्या, तर दोन्ही नोंदी एकाच ओळीत जोडून लिहा.

लम्पीत आधी चांगला ताप येतो, डोळ्या-नाकातून पाणी वाहतं, खांद्यापुढच्या गाठी सुजतात आणि मग अंगभर घट्ट, गोल गाठी उठतात. पाय आणि पोळी, म्हणजे गळ्याखालची लोंबती कातडी, सुजते. हा गाईवर्गाचा रोग, म्हशींना तो कमी होतो. चावणाऱ्या माशा, डास आणि गोचीड तो पसरवतात. लक्षणं दिसायला चार आठवड्यांपर्यंतही लागू शकतात, म्हणून लम्पीच्या बाबतीत २८ दिवसांचा हिशेब धरतात. माणसाला हा होत नाही आणि दूध उकळून पिण्यात धोका नाही. ही गोष्ट आम्ही २०२२ मध्येच वाडीत सांगितली असती तर तो मालक गप्प बसला नसता, असं मला आजही वाटतं.

घटसर्पाला मात्र दिवस मोजायला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात म्हैस एकाएकी खायची थांबते, ताप १०५-१०६ वर जातो, गळ्याखाली सूज येते आणि श्वास घेताना घरघर ऐकू येते. चोवीस तासांत जनावर जाऊ शकतं. गाईपेक्षा म्हशीला जास्त. इथे सकाळी बघू म्हणायचं नाही, रात्री फोन करायचा. फऱ्या हा रोग साधारण सहा महिने ते दोन-तीन वर्षांच्या धडधाकट, चांगल्या पोसलेल्या तरण्या जनावरांना गाठतो. मागचा पाय अचानक लंगडतो, मांडीवर किंवा खांद्यावर सूज येते आणि ती दाबली की चरचर आवाज येतो.

तिवा हा रोग असेल तर दोन-तीन दिवस ताप येतो, जनावर आज या पायाने आणि उद्या त्या पायाने लंगडतं आणि बहुधा बरं होतं. याच्या नोंदी पावसाळ्यात पुष्कळ येतात. त्यांनी घाबरून जायचं नाही, पण लिहायचं सोडायचंही नाही.

दोन गोष्टी वेगळ्या काढून सांगतो, कारण त्या माणसालाही होतात. पहिली फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स हा रोग. धडधाकट जनावर अचानक मेलं, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलं आणि अंग नेहमीसारखं ताठरलं नाही, तर त्याला हात लावू नका. कातडं काढू नका, फाडू नका, ओढत नेऊ नका. कुत्री, गिधाडं जवळ येणार नाहीत असा पहारा ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. या रोगाचे बीजाणू मातीत कित्येक दशकं जिवंत राहतात. शव उघडलं की ती जागा कायमची बिघडली.

दुसरी सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस. पाचव्या महिन्यानंतर गाभ टाकला आणि वार अडकली, तर गाभ, वार, पाणी यांपैकी कशालाही उघड्या हाताने शिवू नका. गर्भार बाईने तर त्या गोठ्यात जाऊच नये. दूध चांगलं उकळल्याशिवाय पिऊ नका. एका वाडीत महिन्याभरात दोन-तीन गाभ टाकले गेले तर तो योगायोग समजू नका. लोक गाभडण्याला नशीब म्हणतात आणि सांगत नाहीत. आमच्या वहीत ही नोंद सगळ्यात कमी येते, म्हणून रविवारच्या फोनवर मी ती वेगळी विचारतो.

वहीतली ओळ

एका जनावराला एक ओळ. वाडी, घर, जनावराचं वर्णन आणि बिल्ला नंबर. पहिलं लक्षण दिसलं ती तारीख. आपल्याला कळलं ती तारीख. लक्षणं. ताप. शेवटची लस कुठली आणि कधी. गेल्या २८ दिवसांत त्या गोठ्यात नवीन जनावर आलं का, इथलं कुठे जाऊन आलं का. डॉक्टरांना कळवलं ती तारीख आणि वेळ. पुढे काय झालं: बरं, मेलं की विकलं.

पहिल्या लक्षणाची तारीख काढायला जरा चिकाटी लागते. "कधीपासून आजारी आहे?" असं विचारलं की उत्तर येतं, "काल-परवापासून." त्याऐवजी असं विचारा: "बाजाराच्या दिवशी खात होती का? एकादशीला दूध किती दिलं होतं?" माणसाला तारीख आठवत नाही, वार आणि सण आठवतो. अशा प्रश्नांनी आमच्याकडचा काल-परवा कितीदा तरी पाच दिवस मागे सरकला आहे.

साथ सुरू झाली की चौकटीच्या वहीचं एक पान घ्या. आडव्या ओळीत तारखा लिहा आणि ज्या तारखेला लक्षण दिसलं तिच्यावर जनावरामागे एक चौकट रंगवा. कळल्याची तारीख इथे घ्यायची नाही. आठवड्याभरात पान बोलायला लागतं. एकाच दिवशी पुष्कळ चौकटी उभ्या राहिल्या तर ती गुरं आधी कुठेतरी एकत्र होती, एखादा बाजार, एखादा पाणवठा. थोड्या चौकटी, मग काही दिवस रिकामे, मग जास्त चौकटी असं दिसलं तर एकाकडून दुसऱ्याकडे जातंय. शिवाय लस दिल्याचा दिवस पानावर उभ्या रेघेने दाखवा. लम्पीच्या लसीचं बळ अंगात यायला तीनेक आठवडे लागतात. लसीनंतर पाचव्या दिवशी गाठी उठल्या तर लस वाया गेली असा बोभाटा करू नका, ती लागण बहुधा आधीच झालेली असते.

शून्याचा निरोप

पद्धतीचा कणा हाच आहे. दर रविवारी प्रत्येक वाडीतून निरोप आलाच पाहिजे, काही झालेलं नसलं तरी. "खालची वाडी, सात घरं बघितली, आजारी शून्य." एवढा पुरे. निरोप आला नाही तर वहीत शून्य लिहायचं नाही, त्या रकान्यात लाल पेनने फुली मारायची आणि सोमवारी सकाळी फोन करायचा. २०२२ मध्ये आम्ही न आलेल्या निरोपाला शून्य समजलो होतो. साथीच्या काळात हाच निरोप रोज संध्याकाळी, धारेनंतर.

लहानपणी आजी बुळकांडीच्या, म्हणजे गुरांच्या एका जुन्या जीवघेण्या रोगाच्या, गोष्टी सांगायची. अख्खी दावण एका आठवड्यात रिकामी व्हायची. तो रोग आज कुठेच नाही. भारत २००६ मध्ये त्यातून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये सगळं जग. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून घालवलेला हा दुसरा रोग. शेवटच्या टप्प्यात लस देणं थांबवून गावोगाव माणसं फिरली, रोग नाही याची खात्री करत. लाखो गोठ्यांतून शून्य गोळा केलं तेव्हा कुठे तो गेला असं म्हणता आलं. म्हणून रविवारी कुणी कंटाळून म्हणालं, की रोज काय तेच तेच सांगायचं, तर मी त्याला बुळकांडीची आठवण करून देतो.

आलं कुठून, गेलं कुठे

रोग फार क्वचित आपल्या पायांनी येतो. तो विकत घेतलेल्या जनावराबरोबर येतो, टेम्पोतून येतो. वहीची मागची पानं आवक-जावकेसाठी ठेवा: तारीख, जनावर, कुठून आलं किंवा कुठे गेलं, कुणाच्या गाडीने.

आमच्या भागात पौषात म्हशाची यात्रा भरते आणि गुरांचा मोठा बाजार होतो. यात्रेनंतरचे चार आठवडे आम्ही रविवारऐवजी आठवड्यातून दोनदा फोन करतो. दिवाळीनंतर घाटावरून मेंढपाळांचे वाडे खाली उतरतात. त्यांच्याशी वैर धरायचं काही कारण नाही. उलट त्यांना वरच्या गावांची खबर असते, ती विचारून घ्यायची आणि चराईच्या जागा तेवढ्या वेगळ्या ठरवायच्या.

मुंबईकर म्हणून एका वाटेकडे मी जास्त लक्ष देतो. गोरेगाव, जोगेश्वरीचे तबेले आणि १९४९ सालची आरे कॉलनी, इथल्या म्हशी मुख्यतः गुजरात-हरियाणाकडून येतात. एका छपराखाली शेकड्याने जनावरं, लांबून लांबून आलेली. त्यातली एखादी भाकड झाली की ओळखीने आमच्यासारख्या गावात सांभाळायला पाठवतात. घराला चार पैसे मिळतात, त्याला माझा विरोध नाही. पण ती म्हैस कुठल्या तबेल्यातून आली, तिथे गेल्या महिन्यात काही आजार होता का, तिला खुरकुताची लस कधी दिली, हे गाडी निघायच्या आधी मुंबईत विचारणं मंडळाच्या माणसाला सहज जमतं. एकदा मी जोगेश्वरीला जाऊन एक म्हैस बघून आलो. तोंडाला लाळ होती. मुकादम म्हणाला, दात लागलाय. आम्ही गाडी दोन आठवडे थांबवली. दातच निघाला, पण थांबलो त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

नवीन जनावर आलं की २८ दिवस वेगळं बांधा. वेगळी खोली नसेल तर गोठ्याच्या बाहेर, आंब्याखाली चालेल. त्याची बादली वेगळी आणि धार सगळ्यांत शेवटी. दर दुसऱ्या दिवशी ताप बघा आणि लिहा.

फोन कधी करायचा

हे आधी ठरवून गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा, कारण ऐनवेळी माणूस घुटमळतो. एक जनावर साधं आजारी: वहीत नोंद आणि नेहमीचा उपचार. तीन दिवसांत दोन वेगळ्या गोठ्यांत एकच लक्षण: त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. अंगावर गाठी, तोंडात फोड, गळ्याखाली सूज किंवा अचानक मरण: एकच जनावर असलं तरी लगेच. महिन्यात दोन गर्भपात: फोन.

फोन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, नाही लागला तर १९६२ या क्रमांकावर. तो टोल फ्री आहे आणि फिरत्या दवाखान्याची गाडी त्यावरून मागवता येते. सोबत ग्रामपंचायतीलाही कळवा. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याप्रमाणे नोंदीतल्या रोगाचा संशय आला की कळवणं ही मालकाचीच जबाबदारी आहे. लपवणं हा कुणाचा खासगी मामला राहत नाही.

फोनवर किंवा संदेशात काय सांगायचं, त्याचा नमुना देतो: "खालची वाडी. तीन घरांत मिळून ४० गुरं, त्यातली ३ आजारी, मेलेलं नाही. पहिलं लक्षण मंगळवारी. ताप १०४ ते १०५, मानेवर आणि पोटावर गाठी, खाणं कमी. तिघंही गाईवर्ग, म्हशी ठीक. लम्पीची लस यंदा नाही. बारा दिवसांपूर्वी बाजारातून बैल आणला. आजारी गुरं वेगळी बांधली. वाट दाखवायला माणूस नाक्यावर उभा राहील." एवढं ऐकलं की डॉक्टर काय घेऊन यायचं ते ठरवूनच निघतात.

फोटो पाठवायचे तर दिवसाच्या उजेडात. एक सबंध जनावराचा बाजूने, एक गाठीचा किंवा फोडाचा जवळून आणि शेजारी काडेपेटी धरून, म्हणजे आकार कळतो, आणि एक बिल्ल्याचा. हे फोटो डॉक्टरांना पाठवा, गावाच्या ग्रुपवर टाकू नका. घराचं नाव ग्रुपवर आलं की पुढच्या वेळी ते घर तोंड उघडत नाही. आमच्या ग्रुपवर फक्त वाडी आणि आकडा जातो. ज्या घराने पहिल्यांदा कळवलं, त्या घरी मंडळाचा एक माणूस पेंडीची गोणी घेऊन जातो. त्यांच्या गुरांना दुसऱ्या पाणवठ्यावर जाता येत नाही, तर पाणी भरायला पोरं पाठवतो. सांगणाऱ्याचं नुकसान झालं नाही, तरच तो पुन्हा सांगतो.

डॉक्टर येईपर्यंत आजारी जनावर वेगळं बांधा, पण प्रतिजैविकाची सुई कुणाकडूनही टोचून घेऊ नका, नाहीतर नमुन्यात जंतू सापडायला अडचण होते. रक्त, खपली, लाळ यांचे नमुने डॉक्टरच घेतील आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवतील. तुम्ही बर्फाची सोय करा. आमच्या गावात बर्फ फक्त नाक्यावरच्या थंड पेयांच्या दुकानात मिळतो. त्याचा फोन नंबरही वहीच्या पहिल्या पानावर आहे.

बघणाऱ्याने रोग वाहू नये

गोठ्यागोठ्यांतून फिरणारा माणूस चपलांवरून, हातांवरून, कासऱ्यावरून रोग नेतो. फेरी नेहमी निरोगी गोठ्यापासून सुरू करा आणि आजारी गोठा शेवटी ठेवा. तिथून निघाल्यावर दुसरीकडे न जाता घरी जा, अंघोळ करा, कपडे धुवा. दोन जोड रबरी चपला ठेवा. खुरकूत असेल तर धुण्याच्या सोड्याचं चार टक्के पाणी, म्हणजे दहा लिटरला चारशे ग्रॅम, गोठ्याच्या तोंडाशी पाय बुडवायला ठेवा आणि रोज बदला. लम्पीत गळून पडलेल्या खपल्यांमध्ये विषाणू महिनाभराहून अधिक टिकतो. त्या झाडून जाळा, उकिरड्यावर टाकू नका.

मेलेलं जनावर ओढ्यात किंवा माळावर टाकायचं नाही. विहिरीपासून लांब, आठ फूट खोल खड्डा हवा. तो सात-आठ माणसांचा अर्ध्या दिवसाचा घाम असतो, आणि जेसीबी मिळत असेल तर त्याचं भाडं मंडळाने द्यावं. २०२२ मध्ये सरकारने दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत दिली होती. वहीत बिल्ला आणि तारखा असल्या की पंचनाम्याच्या वेळी धावपळ होत नाही.

लसीचं पान

लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, वासरू चार महिन्यांचं झाल्यावर पहिली आणि महिन्याने तिचा वाढीव डोस. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाच्या आधी. सांसर्गिक गर्भपाताची फक्त चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आणि आयुष्यात एकदाच. वहीत लस घेतलेल्यांपेक्षा राहिलेल्यांची यादी जास्त कामाची. त्या दिवशी रानात गेलेली, गाभण म्हणून सोडलेली, नंतर विकत आणलेली, चार महिने न भरलेली अशी सगळी त्या यादीत येतात. साथ शिरते ती बहुतेक याच गुरांतून. पुढच्या फेरीआधी ही यादी दवाखान्यात नेऊन द्या.

साथ संपली कधी म्हणायची

शेवटच्या नव्या जनावराला लक्षण दिसलं त्या तारखेपासून मोजायला लागा. लम्पीच्या साथीत पुढचे २८ दिवस सगळ्या वाड्यांतून रोज शून्य आलं, एकही लाल फुली नाही, तर डॉक्टरांशी बोलून पाणवठा उघडा आणि रोजचे निरोप पुन्हा रविवारवर आणा. मध्ये एक जरी नवीन जनावर निघालं तरी मोजणी पहिल्यापासून.

मग एक संध्याकाळ काढून प्रत्येक ओळीसमोर दोन तारखांमधले दिवस लिहा. ज्या घरी अंतर जास्त निघेल तिथे स्वतः जा आणि कशामुळे उशीर झाला ते शांतपणे विचारा. गेल्या वर्षी असं विचारायला गेलो तर कळलं, की फोनमध्ये पैसेच नव्हते. पाड्यावरच्या वहिनींचा फोन आता मंडळ भरतं. वहीची एक प्रत तालुक्याच्या दवाखान्यात आणि दुसरी गावात ठेवा. माझ्या परळच्या खोलीत ती एकटीच राहिली तर रविवारी मी आजारी पडलो की गावची खबर थांबेल.